रोममधला चालता वर्ग

पहाटे ५:४५

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाची मुलं रोमला आली की त्यांना सगळ्यांत आधी कलोसिअम पाहायचं असतं. मी त्यांना आधी बरोक दाखवते. प्राचीन रोम पुस्तकातूनही बऱ्यापैकी कळतं, बरोक मात्र पुस्तकात हरवतं. छायाचित्रात त्याचं सोनं दिसतं, पुतळे दिसतात आणि मुलं म्हणतात, "मॅडम, किती हा भरणा!" छायाचित्र एका जागी उभं असतं. बरोक वास्तू चालत्या, मान वर करणाऱ्या, उजेडाकडे वळणाऱ्या माणसासाठी बांधलेली असते. वर्षभर स्लाइड दाखवून जे पटत नाही, ते इथे एका दिवसात पटतं.

दिवसाची आखणी चर्चच्या वेळांवर ठरते. रोममधली बरीच चर्च दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि साडेतीननंतर उघडतात. त्यामुळे आतून पाहायच्या वास्तू सकाळी आणि संध्याकाळी, चौक आणि रस्ते दुपारी. पिशवीत स्केचबुक, टेप, छोटी दुर्बीण, पाण्याची बाटली आणि खांदे झाकायला ओढणी. बाटली रिकामी झाली तरी अडत नाही, रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात. एक नियम मी आदल्या रात्रीच सांगून ठेवते: प्रत्येक ठिकाणी पहिली दहा मिनिटं मोबाइल बाहेर काढायचा नाही.

सकाळी ६:३०

सेंट पीटरच्या चौकात यायला हीच वेळ योग्य. गर्दी नसते आणि ऊन तिरपं असल्यामुळे खांबांच्या सावल्या लांब पडतात. मी मुलांना समोरच्या रुंद रस्त्याने आणत नाही, बाजूच्या गल्लीतून आणते. हा सरळ रस्ता १९३६ पासून जुनी वस्ती पाडून काढला गेला. त्याआधी माणूस अरुंद, अंधाऱ्या गल्ल्यांतून येई आणि एकदम ह्या अफाट चौकात उभा राही. जान लोरेन्झो बेर्निनीने चौक आखला तो ह्या अनुभवासाठी. काम १६५६ ते १६६७ चाललं, पोप होते सातवे अलेक्झांडर.

आकडे मुलं टिपून घेतात: चार रांगांत २८४ खांब, ८८ चौकोनी स्तंभ, वर संतांचे १४० पुतळे. खरा धडा जमिनीवर आहे. लंबवर्तुळाच्या दोन केंद्रांवर दोन गोल दगड बसवले आहेत. त्यातल्या एकावर उभं राहिलं की त्या बाजूच्या चारही रांगा एकामागे एक दडतात आणि खांबांची एकच ओळ दिसते. एक पाऊल बाजूला टाका, सगळं जंगल पुन्हा उघडतं. मुलं ह्या दगडावरून आत-बाहेर उड्या मारतात आणि मी त्यांना मारू देते. बरोकची पहिली खूण त्यांनी पायांनी शिकलेली असते: वास्तू तीच राहते, पण बघणारा हलला की ती बदलते.

हे खांब म्हणजे चर्चचे पसरलेले हात, असं बेर्निनीने स्वतःच सांगितलं होतं. श्रद्धावंतांना कवेत घ्यायचं, दुरावलेल्यांना परत बोलवायचं, परक्यांनाही जवळ करायचं. चौकाच्या तोंडाशी आणखी एक तुकडा बांधायचा बेत होता. १६६७ मध्ये पोप वारले आणि तो राहून गेला. दुरावलेले कोण आणि त्यांना परत का बोलवायचं, हा प्रश्न मी तिथेच विचारून ठेवते. उत्तर जेवणाच्या वेळी.

सकाळी ७:००

दार उघडताच सेंट पीटरच्या चर्चमध्ये आत. ही वास्तू अनेक हातांची आहे. घुमट मायकेलॲंजेलोचा, तो १५९० मध्ये पूर्ण झाला. पुढचा लांब भाग आणि दर्शनी भिंत कार्लो मादेर्नोची. सभागृह लांबल्यामुळे चौकातून पाहताना घुमट दर्शनी भिंतीमागे अर्धा लपतो, हा तोटा वास्तुतज्ज्ञ आजही मोजतात. १६२६ मध्ये चर्चचा अभिषेक झाला. त्या सुमारास बेर्निनीपुढे अडचण होती ती प्रचंड पोकळीची. घुमटाखाली वेदीजवळ उभा राहिलेला माणूस तिथे दिसेनासाच होतो.

त्यावर त्याने १६२४ ते १६३३ ह्या काळात ब्राँझचं छत्र उभारलं. उंची सुमारे २९ मीटर, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढी. तरी इथे ते बेताचं वाटतं. त्याचे चारही खांब पिळलेले आहेत. सरळ खांब वजन पेलतो आणि गप्प राहतो, पिळलेला खांब नजरेला वर चढवतो. मुलांना मी खांबाचं एकच वेटोळं काढायला सांगते. पेन्सिल खालून वर फिरवताना त्यांच्या लक्षात येतं की ही नक्षी नाही, ही दिशा आहे. छत्रावरच्या मधमाश्या पोप आठव्या अर्बनच्या बार्बेरिनी घराण्याची खूण. भक्ती आणि घराण्याचा डौल एकाच धातूत ओतलेला आहे, हेही बरोकचं वास्तव.

छत्र पूर्ण झालं त्या १६३३ सालीच ह्याच शहरात, ह्याच पोपच्या काळात गॅलिलिओवर खटला चालला. मन वळवणं आणि मान वाकवायला लावणं ही दोन्ही कामं तेव्हाची चर्चसत्ता एकाच वेळी करत होती. ही गोष्ट मी मुद्दाम छत्राखाली उभं राहून सांगते. भारावून गेलेल्या मुलांनी तिथेच विचारही करायला हवा.

शेवटच्या टोकाला सेंट पीटरचं आसन आहे. त्याच्यावर पिवळसर काचेची लंबगोल खिडकी, मधोमध पवित्र आत्म्याचं कबूतर आणि भोवती सोनेरी किरण. इथे खऱ्या खिडकीतला खरा उजेड आणि धातूचे घडवलेले किरण एकमेकांत मिसळतात. उजेड हे बरोकचं बांधकाम-साहित्य आहे. विटा, चुना, दगड आणि उजेड, ह्या क्रमाने मी ते वहीत लिहायला लावते.

सकाळी ९:००

ओत्ताव्हियानो स्थानकावरून मेट्रोने रेपुब्लिका. बाहेर पडून पाच मिनिटं चाललं की सांता सुझान्ना. मादेर्नोची ही दर्शनी भिंत १६०३ ची, बरोक दर्शनी भिंतींमधली ही पहिली मानतात. चर्चच्या आत आज जायचं नाही, रस्त्यापलीकडे उभं राहून फक्त भिंत वाचायची.

दोन्ही कडांना सपाट पिलास्टर, म्हणजे भिंतीतून जेमतेम उठलेले स्तंभ. मधल्या दाराकडे सरकाल तसे ते भिंतीतून बाहेर येत जातात आणि दाराशी जवळजवळ सुटे खांब होतात. सावल्याही कडेला उथळ आणि मध्यावर खोल. भिंत दाराकडे सरकते आहे असं वाटतं आणि आपणही सरकतो. रेनेसाँसच्या वास्तूत प्रत्येक खण स्वतंत्र आणि सारख्या मापाचा असतो, एक झाकला तरी दुसऱ्याचं काही बिघडत नाही. इथे एक खण काढला तर पूर्ण वाक्यच मोडतं. एलिव्हेशन काढताना मी सावल्या आधी काढायला सांगते, रेषा नंतर.

सकाळी ९:३०

रस्त्याच्या पलीकडेच सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया. डाव्या हाताला कोर्नारो चॅपेल, बेर्निनीने १६४७ ते १६५२ ह्या वर्षांत केलेलं. मधे ढगावर संत तेरेसा, ईश्वरी प्रेमाने भान हरपलेली, समोर बाण घेतलेला देवदूत. सगळे जण हा पुतळा पाहतात. मी मुलांना पुतळ्याच्या वर पाहायला सांगते. संगमरवराच्या मखरामागे एक खिडकी आहे, ती आपल्याला दिसत नाही. तिच्यातून येणारा उजेड सोनेरी दांड्यांवरून पुतळ्यावर उतरतो. उगम लपवला की उजेड ह्या जगातला वाटत नाही.

दोन्ही बाजूंच्या भिंतींत नाट्यगृहातल्यासारखे सज्जे कोरले आहेत आणि कोर्नारो घराण्यातले पुरुष त्यात बसून बोलत आहेत, वाकून पाहत आहेत. शिल्प, चित्र, रंगीत दगड, भिंत आणि उजेड ह्यांतलं नेमकं काय कुठे संपतं ते सांगता येत नाही. बरोकची ही दुसरी मोठी खूण: कलांच्या सीमा पुसायच्या आणि सगळ्यांना एकाच प्रसंगाला जुंपायचं. बेर्निनी नाटकं लिहीत असे, रंगमंचाची यंत्रंही करत असे, हे इथे उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

सकाळी १०:१५

दिवसातला माझा सगळ्यांत आवडता तास. चार कारंज्यांच्या चौरस्त्यावर सान कार्लो, फ्रान्चेस्को बोर्रोमिनीचं. रोमकर प्रेमाने त्याला सान कार्लिनो, म्हणजे छोटं सान कार्लो म्हणतात. सेंट पीटरच्या घुमटाखालच्या चार दांडग्या खांबांपैकी एकाच्या जागेत हे अख्खं चर्च मावेल असं सांगतात. बांधून घेणारे स्पेनचे अनवाणी त्रिनितेरियन साधू, हातात पैसा नव्हता. बोर्रोमिनीने मानधनही घेतलं नाही. काम १६३४ मध्ये मठापासून सुरू झालं आणि चर्चचं बांधकाम १६३८ ते १६४१ चाललं.

आत सोनं नाही, रंगीत संगमरवर नाही. वीट आणि वर पांढरा चुन्याचा गिलावा. तरीही मुलं आत शिरताच गप्प होतात, कारण भिंत उभी राहत नाही, ती आत येते आणि बाहेर जाते. सोळा खांबांना धरून ती पूर्ण जागेभोवती वाहत जाते. प्लॅन डोक्यात बसवायला वेळ लागतो: पायाला पाया लावलेले दोन समभुज त्रिकोण, त्यांत वर्तुळं, त्या वर्तुळांतून निघालेला लंबगोल. वर घुमटात अष्टकोन, षटकोन आणि क्रूस एकमेकांत गुंतलेले आणि वर जाताना लहान होत गेलेले. त्यामुळे घुमट आहे त्याहून उंच वाटतो. घुमटाच्या बुडाशी खिडक्या आहेत, पण खालून त्या जवळजवळ दिसत नाहीत. घुमट उजेडावर तरंगतो.

हे चर्च ज्यांच्या नावाचं आहे ते मिलानचे आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ. त्यांनी १५७७ मध्ये चर्च कसं बांधावं ह्याचे नियम छापले होते आणि क्रूसाच्या आकाराचा प्लॅन उत्तम ठरवला होता. साठ वर्षांनी त्यांच्याच नावाच्या चर्चमध्ये बोर्रोमिनीने तो क्रूस लंबगोलात वितळवला. नियम मोडला नाही, वाकवला. कुठल्याही परंपरेत थोर कारागीर हेच करतो.

बाहेरची भिंत त्याच्या आयुष्याच्या अखेरीची. खालचा मजला आत, बाहेर, आत असा लहरतो. वरचा तिन्ही ठिकाणी आत जातो. १६६७ मध्ये बोर्रोमिनीने स्वतःचं आयुष्य संपवलं तेव्हा ही भिंत अपुरी होती, ती पुढे पूर्ण झाली. फुटपाथ अरुंद आणि रहदारी सतत चालू, त्यामुळे मुलांना मी दोन-दोनच्या गटाने पलीकडे उभं करते.

ज्यांना बरोक म्हणजे श्रीमंतीचं प्रदर्शन वाटतं त्यांनी सान कार्लिनो पाहावं. पैसा नसतानाही बरोक होऊ शकतं. भूमिती आणि उजेड काढून घेतला तर मात्र होऊ शकत नाही.

सकाळी ११:१५

त्याच रस्त्यावर दोन मिनिटांवर सांत'अँद्रेआ अल क्विरिनाले. काम १६५८ ते १६७०, पुन्हा बेर्निनी. बांधून घेणारे जेझुइट, त्यांच्या नवशिक्या साधूंसाठी. हाही लंबगोल, पण आडवा. दारातून शिरलात की वेदी अगदी जवळ आणि जागा दोन्ही हातांना पसरलेली. रुंदीच्या दोन टोकांना बेर्निनीने चॅपेल ठेवलं नाही, भरीव स्तंभ ठेवले. डोळा बाजूला गेला तर तिथे अडतो आणि वेदीकडे परततो.

वेदीच्या चित्रात संत अँड्र्यूचं हौतात्म्य. त्याच्यावरचा कमानीसारखा माथा मधे फोडलेला आहे आणि त्या फटीतून अँड्र्यूचा पांढरा पुतळा घुमटाकडे निघाला आहे. अंतोनियो राज्जीचं हे काम. खाली रंगीत दगडांचं माणसांचं जग, वर पांढरं आणि सोनेरी स्वर्गाचं, मधे प्रवास करणारा एक संत. कथा प्लॅनमध्ये सुरू होते आणि सेक्शनमध्ये संपते.

बेर्निनी नेपल्सचा, पोपांच्या गळ्यातला ताईत. बोर्रोमिनी उत्तरेकडच्या सरोवरांच्या मुलखातला, दगड फोडण्यापासून वर आलेला. दोघांच्या वयात एका वर्षाचं अंतर, दोघांनी सेंट पीटरमध्ये एकत्र काम केलं आणि पुढे उभा दावा मांडला. मुलं लगेच बाजू घेतात. मी सांगते, आधी दोन्ही प्लॅन एकाच स्केलवर काढा.

दुपारी १:००

तुकड्यावर विकला जाणारा पिझ्झा, सावलीतली पायरी, सकाळचा प्रश्न आणि त्याला जोडून मुलांचा एक: "मॅडम, पण हे सगळं रोममध्येच का झालं?"

उत्तर १५१७ पासून सुरू होतं. मार्टिन ल्यूथरने चर्चला आव्हान दिलं आणि पन्नास वर्षांत जर्मनीचा मोठा भाग, इंग्लंड, स्कँडिनेव्हिया आणि स्वित्झर्लंडची कित्येक शहरं पोपच्या हातून निसटली. १५२७ मध्ये सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं. अनेक प्रॉटेस्टंट चर्चमधून मूर्ती हटल्या, भिंतींवर चुना फासला गेला, १५६६ मध्ये नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट आली. ह्यावर उत्तर शोधायला ट्रेंट गावी धर्मपरिषद बसली ती १५४५ मध्ये. मधे खंड पडत ती १५६३ पर्यंत चालली. शेवटच्या बैठकीत ठरलं की प्रतिमा राहतील, कारण न वाचता येणाऱ्यांना त्यांच्यातून धर्म शिकवता येतो. पण त्या स्पष्ट हव्यात, मन भक्तीकडे वळवणाऱ्या हव्यात, चवचाल नकोत.

दरम्यान नवे साधुसंघ उभे राहिले. इग्नेशियस लोयोलाच्या जेझुइट संघाला १५४० मध्ये मान्यता मिळाली. इग्नेशियसच्या साधनेत एक पद्धत होती: धर्मकथेतला प्रसंग डोळ्यांपुढे आणायचा, त्यातला आवाज ऐकायचा, वास घ्यायचा, स्पर्श अनुभवायचा. पाचही इंद्रियांनी श्रद्धेपर्यंत जायचं. ही साधना भिंतीत उतरवली की कोर्नारो चॅपेल होतं. १६२२ मध्ये इग्नेशियस, फ्रान्सिस झेव्हियर, तेरेसा आणि फिलिप नेरी ह्यांना एकाच दिवशी संतपद मिळालं, पाचवे होते माद्रिदचे शेतकरी इसिदोर. बचावाचा काळ संपून आत्मविश्वासाचा काळ सुरू झाला होता आणि रोमभर गवंडी, पाथरवट, गिलाव्याचे कारागीर कामाला लागले.

म्हणजे बरोकचा उगम सौंदर्याच्या चर्चेत नाही, तो एका दुभंगलेल्या समाजात आहे. वाद घालून माणसं परत येत नव्हती. मग वास्तूला बोलायला लावलं.

दुपारी २:१५

पियाझ्झा नवोना. चौकाचा लांबट आकार सम्राट डोमिशियनच्या धावण्याच्या मैदानाचा, घरं त्याच्याच पायांवर उभी आहेत. मधे बेर्निनीचं चार नद्यांचं कारंजं, १६४८ ते १६५१. नाईल, डॅन्यूब, रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा. चार खंडांच्या चार नद्या आणि त्यांच्यावर पोप दहाव्या इनोसंटच्या घराण्याचं कबूतर मिरवणारा स्तंभ. गंगा इथे दाढीवाला पुरुष आहे, हातात लांब वल्हं, नौका चालवण्याजोगी नदी म्हणून. मुलं चकित होतात, कारण आपल्याला गंगा आई म्हणून ठाऊक. युरोपात नद्यांना पुरुषरूप देण्याची जुनी रीत आहे, ती बेर्निनीने इथेही पाळली.

जड स्तंभाखाली त्याने खडक पोखरून पोकळी ठेवली आहे. एवढं वजन हवेवर उभं आहे असं वाटतं. समोरचं सांत'आन्येझे चर्च बोर्रोमिनीच्या हातचं. दर्शनी भिंत आत वळते, त्यामुळे घुमट पुढे येतो. सेंट पीटरला जे हरवलं होतं ते इथे त्याने परत मिळवलं. नाईल नदीचा पुतळा ह्या भिंतीकडे पाहवत नाही म्हणून तोंड झाकतो, ही गोष्ट गाइड रंगवून सांगतात. पण कारंजं १६५१ मध्ये पुरं झालं, बोर्रोमिनीने काम हाती घेतलं १६५३ मध्ये. त्या काळी नाईलचा उगम युरोपला माहीत नव्हता, म्हणून चेहरा झाकलेला.

दुपारी ३:३०

पालाझ्झो स्पाडा. अंगणातून बोर्रोमिनीची खांबांची गल्ली दिसते, टोकाला पूर्णाकृती वाटणारा पुतळा. मुलांना लांबीचा अंदाज लिहायला सांगते. बहुतेक जण तीस मीटरच्या पुढे लिहितात. खरी लांबी जेमतेम नऊ मीटर आणि पुतळा सुमारे साठ सेंटिमीटरचा. जमीन चढत जाते, छत उतरत येतं, खांब लहान होत जातात. १६५२-५३ च्या ह्या कामात एका गणितज्ञ साधूची मदत होती. बरोकच्या भावनेमागे कोरडं, काटेकोर गणित असतं, हे मुलांना इथे स्वतःच्या आकड्यांवरून कळतं.

दुपारी ४:३०

सांत'इन्यात्सियो. जमिनीत बसवलेल्या गोल तबकडीवर उभं राहून वर पाहायचं. छत उरत नाही. खांब, कमानी, ढग आणि इग्नेशियस वर वर जात राहतात. आंद्रेआ पोत्सो ह्या जेझुइट बंधूचं हे काम, १६९४ च्या सुमारास पूर्ण झालेलं. घुमट तर बांधलेलाच नाही, १६८५ मध्ये कापडावर रंगवून टांगला आहे. तबकडीवरून चालत पुढे गेलं की रंगवलेले खांब कलंडू लागतात. पोत्सोने रीत लपवून ठेवली नाही, दोऱ्यांची जाळी ताणून चित्र वक्र छतावर कसं चढवायचं ते पुस्तक लिहून सगळ्यांना शिकवलं.

संध्याकाळी ५:१५

जेझू, जेझुइटांचं मूळ चर्च. दिवसभराच्या वास्तूंचं हे बीज, म्हणून शेवटी. पाया १५६८ मध्ये, आराखडा व्हिन्योलाचा, दर्शनी भिंत जाकोमो देल्ला पोर्ताची, अभिषेक १५८४. जुन्या चर्चमधल्या खांबांच्या रांगा इथे काढून टाकल्या आणि एकच रुंद सभागृह ठेवलं. कीर्तनाला बसलेल्या शेवटच्या माणसालाही बुवा दिसावेत आणि शब्द ऐकू यावा, तशी ही प्रवचनाची जागा. हा प्लॅन पुढे जेझुइटांबरोबर जगभर गेला. छतावरचा रंगांचा लोट मात्र शंभर वर्षांनी आला. गाउल्लीने १६७० च्या दशकात चित्र असं रंगवलं की आकृत्या चौकटीबाहेर सांडतात आणि त्यांच्या खऱ्या सावल्या पडल्यासारख्या वाटतात.

साडेपाच वाजता डाव्या बाजूला इग्नेशियसच्या चॅपेलपुढे बसायचं. संगीत, वाचन, एकेका भागावर पडत जाणारा उजेड. मग वेदीवरचं मोठं चित्र हळूहळू खाली सरकतं आणि मागे इग्नेशियसचा पुतळा प्रकट होतो. पोत्सोने रचलेलं हे यंत्र २००८ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालू झालं. मुलं आपसूक पुढे झुकतात. ज्या हेतूने हे बांधलं तो तीनशे वर्षांनंतरही साधतो.

मग मी त्यांना समोरच्या बाजूला नेते. तिथे झेव्हियरचं चॅपेल, पिएत्रो दा कोर्तोनाच्या आराखड्याचं. त्यात झेव्हियरच्या उजव्या हाताचा अवशेष आहे, १६१४ मध्ये गोव्यातल्या देहापासून वेगळा करून रोमला आणलेला. देह जुन्या गोव्यात, बॉम जेझूमध्ये.

संध्याकाळी ७:००

वसतिगृहाच्या जेवणघरात शीट मांडतो आणि गोव्याकडे येतो. बॉम जेझूचा पाया १५९४ चा, अभिषेक १६०५ चा. आतल्या झेव्हियरच्या समाधीचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्समध्ये फोज्जिनीने घडवला, तस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोझिमो ह्यांनी तो पाठवला, १६९८ मध्ये बसवला गेला. त्यावरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांची. जवळचं सेंट कॅजेटन चर्च थिएटाइन साधूंचं, दर्शनी बाजू आणि घुमट सेंट पीटरची आठवण देणारे. रोममध्ये त्राव्हर्तीन दगड होता, गोव्यात जांभा. पावसात टिकायला त्याच्यावर चुन्याचा गिलावा हवा, म्हणून कोकणातल्या बरोकची भिंत पांढरी आणि साधी राहिली आणि सगळी श्रीमंती स्थानिक सुतारांनी कोरलेल्या सोनेरी वेदीत एकवटली.

एका विद्यार्थिनीने विचारलं, "मॅडम, गोव्यातही हे मन वळवण्यासाठीच होतं का?" प्रश्न योग्य आहे आणि उत्तर टाळू नये. गोव्यात मन वळवण्याबरोबर बळजबरी होती. देवळं पाडली गेली, १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळोशीहून फोंड्याकडे हलली. पुढे तिथे नवी देवळं उठली तेव्हा गोव्याच्या कारागिरांनी चर्चच्या बांधकामात कमावलेलं कसब देवळात आणलं. कवळ्याचं शांतादुर्गेचं देऊळ १७३८ चं: अष्टकोनी बैठकीवर घुमट, भिंतींना पिलास्टर, कमानीच्या खिडक्या. मंगेशीच्या सात मजली दीपस्तंभावरही त्याच कमानी दिसतात. ज्या सत्तेने देव हलवले तिचीच वास्तुभाषा आपल्या लोकांनी शिकली आणि आपल्या देवाच्या सेवेला लावली. अन्याय त्याने पुसला जात नाही. पण कारागिरांच्या हातांचा आत्मविश्वास त्यात दिसतो आणि त्याचा अभिमान बाळगावा असं मला मनापासून वाटतं.

रात्री ९:३०

उद्याच्या गटांची यादी लावून झाल्यावर दिवसाचा निष्कर्ष फळ्यावर लिहिते, मुलं तो उतरवून घेतात. बरोक म्हणजे नक्षीचा अतिरेक नाही. लंबगोल प्लॅन, वाकलेली भिंत, फोडलेला माथा, लपवलेला उजेड, फसवी खोली, एकत्र जुंपलेल्या कला, ही सगळी एकाच हेतूची साधनं: माणसाला जागेवरून आणि मनातून हलवायचं. हेतूबद्दल मतभेद ठेवा, ठेवायलाच हवेत. साधनांवरची त्यांची पकड मात्र शिकून घ्या.

रोम सगळ्यांना जमेल असं नाही, जुना गोवा जमतो. पुढच्या वेळी तिथल्या चर्चमध्ये किंवा कवळ्याच्या देवळात गेलात तर सोनं आणि मूर्ती लगेच पाहू नका. आधी मधोमध उभे राहा, उजेड कुठून येतो ते शोधा, मग चार पावलं चाला आणि जागा कशी बदलते ते पाहा. बरोक कळायची सुरुवात तिथूनच होते.